आवाजाची साक्ष

चिलीच्या सांतियागोत उन्हाळा सरत आलाय. तारीख 4 मार्च 1991, वेळ संध्याकाळची. पूर्वेकडे अँडीजचे कडे मावळत्या उजेडात तांबूस झालेत, आलामेदा या रुंद रस्त्यावरून बसगाड्या धूर सोडत निघाल्यात आणि तुम्ही नाक्यावरच्या एका छोट्या खाद्यगृहात काउंटरपाशी उभे आहात. समोर कॉम्प्लेतो ठेवलाय, लांबट पावात सॉसेज, वर टोमॅटो आणि ठेचलेल्या अॅव्होकाडोचा जाड थर. आत्ता इथे कोणीच खात नाहीये. सगळ्यांच्या माना कोपऱ्यातल्या टीव्हीकडे वळल्यात.

पडद्यावर राष्ट्राध्यक्ष पात्रिसिओ आयल्विन आहेत. वय 72, पेशाने वकील. वर्षभरापूर्वी, 11 मार्च 1990 ला, त्यांनी जनरल ऑगुस्तो पिनोशेकडून सत्ता घेतली. 11 सप्टेंबर 1973 ला लढाऊ विमानांनी ला मोनेदा या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर बॉम्ब टाकले, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे आतच मरण पावले, आणि तेव्हा सुरू झालेली राजवट ऑक्टोबर 1988 च्या सार्वमतात सुमारे 56 टक्के लोकांनी ‘नको’ म्हटल्यावर उतरणीला लागली. आज आयल्विन सत्य आणि समेट आयोगाचा अहवाल देशापुढे ठेवतायत. बोलता बोलता त्यांचा गळा दाटून येतो. मारल्या गेलेल्यांच्या आणि बेपत्ता झालेल्यांच्या घरच्यांची ते राष्ट्राच्या वतीने क्षमा मागतात. काउंटरमागची बाई कपबशा विसळायची थांबते.

हे बोलायला किती धैर्य लागत असेल, ते इथे उभं राहिल्यावरच कळतं. पिनोशे कुठेही गेलेला नाही. तो अजून सरसेनापती आहे आणि मार्च 1998 पर्यंत राहणार आहे. अडीच महिन्यांपूर्वी, डिसेंबरमध्ये, त्याने एके दिवशी अख्खं सैन्य छावण्यांमध्ये सज्ज ठेवलं होतं आणि शहराने श्वास रोखून धरला होता. 1978 साली राजवटीने स्वतःलाच माफी देणारा कायदा करून ठेवलाय, तोही जागेवरच आहे. न्यायमूर्तीही बहुतेक तेच. अटक झालेल्या माणसाला कोर्टापुढे उभं करा, असे हजारो अर्ज ज्यांनी वर्षानुवर्षं फेटाळले, ते.

राउल रेत्तिग या ज्येष्ठ वकिलाच्या अध्यक्षतेखाली आठ जणांनी नऊ महिने काम केलं. त्या आठांत पिनोशेचा एक माजी शिक्षणमंत्रीही होता, कारण अहवाल एकाच बाजूचा आहे असं कोणाला म्हणता येऊ नये. त्यांनी 2,279 माणसांचे मृत्यू नोंदवले. मारणाऱ्यांची नावं अहवालात नाहीत. आणि दुसरीही एक गोष्ट नाही, तिच्यासाठीच मी तुम्हाला या संध्याकाळी इथे आणलंय.

काउंटरच्या त्या टोकाला चाळिशीतली एक बाई उभी आहे, असं समजा. 1975 साली तिला रस्त्यातून उचललं. डोळ्यांवर पट्टी बांधली. काही महिन्यांनी सोडून दिलं. ती आज जिवंत आहे, म्हणून ती या अहवालात नाही. आयोगाला काम नेमून दिलं होतं ते मेलेल्यांचं आणि बेपत्ता झालेल्यांचं. छळाच्या पद्धती अहवालात वर्णन केल्यात, पण छळातून वाचलेल्या माणसाने यावं, बसावं, आपलं नाव सांगावं, आपल्यावर काय झालं ते सांगावं आणि राज्याने ते लिहून घ्यावं, अशी खोली या देशात अजून कुठेही नाही.

मागे चला. 1974.

आलामेदापासून जवळच, सान फ्रान्सिस्को चर्चच्या पलीकडे, लोंद्रेस नावाची दगडी फरशांची छोटी गल्ली आहे. 38 नंबरचं घर समाजवादी पक्षाचं कार्यालय होतं. आता ते पिनोशेच्या गुप्त पोलिसांच्या, ‘दीना’च्या ताब्यात आहे. दारातून आत ढकललेल्या माणसाच्या डोळ्यांवर पट्टी असते. पण कितीही घट्ट बांधली तरी नाकाशेजारी खाली एक फट राहते. तिच्यातून फक्त जमीन दिसते. काळी फरशी, पांढरी फरशी, काळी, पांढरी. आणि दर थोड्या वेळाने जवळून चर्चची घंटा ऐकू येते.

पुढे सुटून आलेल्यांनी हे घर ओळखलं ते या दोन गोष्टींवरून. त्या फरशांवरून आणि त्या घंटेवरून. राजवटीने दारावरचा नंबर बदलून 40 केला, म्हणजे लोंद्रेस 38 नावाचं घरच अस्तित्वात नाही असं म्हणता यावं. फरशी मात्र तशीच राहिली आणि घंटाही वाजत राहिली.

शहराच्या पूर्व टोकाला, डोंगरपायथ्याशी व्हिला ग्रिमाल्दी आहे. तिथल्या कैद्यांच्या आठवणीत गुलाबांचा वास आहे, कारण त्या वाड्याला गुलाबांची बाग होती. आणि माकुल भागात एक साधं दुमजली घर आहे, त्याला पहारेकरीच ‘ला दिस्कोतेक’ म्हणत. आत सतत मोठ्याने संगीत लावलेलं असे. तिथे बायकांवर जे केलं गेलं त्यासाठी ते घर कुप्रसिद्ध आहे. मी तुम्हाला फाटकापर्यंतच नेतो. आत जे घडलं त्याचं वर्णन करायचा अधिकार आत असलेल्यांचा आहे, आणि त्यांच्यातल्या अनेकींनी तो नंतर बजावला आहे. तुम्ही रस्त्यावर उभे राहा आणि फक्त ऐका. बंद खिडक्यांमधून गाणं बाहेर येतंय. शेजारची घरं नेहमीसारखी आहेत, कोणाच्या तरी दोरीवर कपडे वाळतायत. आत पट्टी बांधलेल्या माणसाजवळ आता उरलेत ते कान, नाक आणि कातडी. कोण खोकतं, कोण कसं हसतं, कोणाच्या अंगाला कसला वास येतो, हे तिथे पाठ होतं आणि मरेपर्यंत विसरता येत नाही. कोर्टात मात्र पहिला प्रश्न येणार, तुम्ही त्याला पाहिलंत का?

लेखक आरिएल डॉर्फमनच्या मनात हा प्रश्न बरीच वर्षं होता. तो आयेंदेंच्या सरकारात सांस्कृतिक सल्लागार होता, 1973 नंतर परागंदा झाला. परदेशात असताना त्याला एक प्रसंग सुचला होता. एका माणसाची गाडी रस्त्यात बंद पडते, एक भला अनोळखी माणूस त्याला घरी सोडतो, आणि बायकोला त्या पाहुण्याच्या आवाजावरून कळतं की हाच आपला छळ करणारा. पण गोष्ट पुढे जात नव्हती. 1990 मध्ये तो सांतियागोला परतला, रेत्तिग आयोग नेमला गेला, आणि गाठ सुटली. नवराच आयोगाचा सदस्य हवा! मेलेल्यांसाठी न्याय शोधायला निघालेला वकील, आणि त्याच्या घरात जिवंत असलेली, त्याच्या आयोगाच्या कक्षेत न बसणारी बायको. नाटकाला त्याने संगीतकार शुबर्टच्या तंतुवाद्य-चौकडीचं नाव दिलं, ‘डेथ अँड द मेडन’.

मार्च 1991 मध्येच, आयल्विन टीव्हीवर रडले त्याच महिन्यात, हे नाटक सांतियागोच्या एका छोट्या नाट्यगृहात उभं राहतं. जाऊन मागच्या रांगेत बसा. प्रेक्षक अवघडलेत, टाळ्या थंड आहेत. देशाला आत्ता जपून चालायचंय, आणि रंगमंचावरची बाई हातात पिस्तूल घेऊन उभी आहे. मला त्या प्रेक्षकांचा राग येत नाही. त्याच महिन्यात सैन्याने अहवाल फेटाळला, आणि 1 एप्रिलला पिनोशेचा जवळचा विचारवंत, सिनेटर हाइमे गुस्मान, विद्यापीठातून बाहेर पडताना गोळ्या लागून मेला. वर्तमानपत्रांतून अहवाल बाजूला पडला. अशा दिवसांत त्या बाईकडे, पाउलिनाकडे, बघायला फार मोठी छाती लागते. जुलैमध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहाने तेच नाटक केलं आणि मग ते जगभर गेलं. ब्रॉडवेवर ग्लेन क्लोजला त्यासाठी टोनी मिळाला. 1994 मध्ये रोमान पोलान्स्कीने त्याचा चित्रपट केला.

आता चित्रपटातल्या घरात या.

देशाचं नाव पडद्यावर नाही. दक्षिण अमेरिकेतला कुठलातरी देश, हुकूमशाही पडल्यानंतर. समुद्राच्या कड्यावरचं एकटं घर. वादळ सुटलंय, वीज गेली आहे, फोन बंद. पाउलिना, म्हणजे सिगर्नी वीव्हर, एकटी आहे. कोंबडी शिजली आहे, टेबल मांडलंय, पण ती ताट उचलते आणि बंद कोपऱ्यात, जमिनीवर बसून जेवते. एवढ्या एका कृतीत दिग्दर्शक तुम्हाला सांगतो की हिच्यासाठी उघडी खोली सुरक्षित नाही. कोणीही तोंडाने काही सांगितलेलं नाही. चित्रपटातलं हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. रेडिओवर बातमी लागते की तिच्या नवऱ्याची, हेरार्दोची, आयोगावर नेमणूक झाली. तिला ती रेडिओवरूनच कळते.

मग अंधारात गाडीचे दिवे. ती मेणबत्ती विझवते, पिस्तूल काढते. हेरार्दोचा टायर पंक्चर झाला होता. डॉक्टर रोबेर्तो मिरांदा नावाच्या गृहस्थाने त्याला पोचवलंय. डॉक्टर निघून जातो, रात्री पुन्हा येतो. दोघं पुरुष बाहेरच्या खोलीत पितात, बोलतात. तुम्ही पाउलिनाशेजारी झोपायच्या खोलीत आहात, दार लोटलेलं. पलीकडून आवाज येतो. एक लकब. एक हसू. तिचा चेहरा बघा. ती दचकत नाही, किंचाळत नाही. तिला खात्री पटत जाते तशी ती शांत होत जाते.

ती त्याची गाडी घेऊन पळते. गाडीत तिला एक कॅसेट सापडते. शुबर्टची डी मायनरमधली चौकडी, 1824 सालची. आजारी असताना, वयाच्या 27 व्या वर्षी, शुबर्टने ती लिहिली आणि तिच्या दुसऱ्या भागात आपलंच 1817 चं एक गाणं विस्तारलं. पाउलिनाला डांबलं होतं त्या कोठडीत डॉक्टर हीच लावायचा. आधी कैद्याला बरं वाटावं म्हणून, आणि मग तिच्यावर बलात्कार करताना. ती गाडी कड्यावरून ढकलून देते. घरी परत येते, डॉक्टरला खुर्चीला बांधते आणि खटला सुरू होतो. आरोपी आहे, बचावाचा वकील आहे, तो तिचाच नवरा. फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश ती एकटी.

इथे थोडं थांबा, कारण सूडाचा चित्रपट म्हणून याची जाहिरात झाली आणि तुम्ही रक्ताची वाट बघत असाल. पाउलिनाला मिरांदाचा जीव नकोय. तिला कबुली हवी आहे, रेकॉर्ड केलेली, सही केलेली. मग तो गेला तरी चालेल. राज्याने जे लिहून घ्यायला नकार दिला, ते तिला लिहून हवंय. आणि तिला शुबर्ट परत हवा आहे. तिच्या आवडीचं संगीत त्या माणसाने चोरलं होतं, ते ऐकलं की ती आजारी पडते. बांधलेल्या माणसासमोर ती नवऱ्याला जे सांगते, त्यातलं बरंच तिने त्यालाही कधी सांगितलेलं नव्हतं. हेरार्दो भूमिगत वर्तमानपत्राचा संपादक होता. त्याचं नाव काढून घेण्यासाठी तिचा छळ चालला होता आणि तिने तोंडातून ब्र काढला नाही. सुटून ती त्याच्या दारात गेली तेव्हा तो दुसऱ्या बाईबरोबर होता. हेरार्दो वाईट माणूस नाही. कायद्यावर त्याचा मनापासून विश्वास आहे, आणि तो तिच्यावर प्रेम करतो. तरीही प्रत्येक वेळी तो तिला जे विचारतो ते पुराव्याबद्दल विचारतो.

मिरांदाच्या खुर्चीत बेन किंग्जली आहे. मराठी प्रेक्षकाला हा चेहरा कुठून माहीत आहे, ते वेगळं सांगायला नको. 1982 च्या ‘गांधी’मध्ये याच चेहऱ्याशेजारी कस्तुरबा म्हणून आपल्या रोहिणी हट्टंगडी बसल्या होत्या आणि कोल्हापूरच्या भानू अथय्यांना त्याच चित्रपटाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळालं. तो चेहरा इथे घामाने डबडबलेला, विनवण्या करणारा. तुम्हाला त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. आणि तो भूमिकेने डॉक्टर आहे हे सोयीसाठी नाही. चिलीत डॉक्टर खरोखरच त्या घरांमध्ये होते, कैदी किती सोसेल ते सांगायला, तो मरू नये म्हणून बघायला. 1980 च्या दशकात तिथल्या वैद्यकीय संघटनेने अशा काही डॉक्टरांवर कारवाईही केली.

पहाटे कड्याच्या टोकावर, खाली समुद्र असताना, मिरांदा बोलतो. त्याआधीची कबुली वदवून घेतलेली होती, ही नाही. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही. तो सांगतो की सुरुवातीला आपण रोग्यांना वाचवायला गेलो होतो, मग हळूहळू ते आवडायला लागलं, आणि ते दिवस संपले याचं वाईट वाटलं. किंग्जली हे सगळं जवळजवळ आठवणींत रमल्यासारखं बोलतो. हेरार्दो त्याला ढकलून द्यायला पुढे होतो, त्याला जमत नाही. पाउलिना मिरांदाला सोडून देते.

नाटकात असं नाही. तिथे मिरांदा दोषी आहे का हे शेवटपर्यंत पक्कं कळत नाही. पाउलिना सांगताना मुद्दाम काही चुकीचे तपशील पेरते, तो कबुली लिहिताना ते नकळत दुरुस्त करतो, ती त्यावर बोट ठेवते. तरी शंकेला जागा उरते, आणि मग प्रेक्षकांसमोर एक मोठा आरसा खाली येतो. चित्रपटाने ती शंका काढून टाकली म्हणून पुष्कळांनी नाकं मुरडली. मला पोलान्स्कीचा निर्णय बरोबर वाटतो. ‘कशावरून तोच होता?’ या प्रश्नाने या बायकांना आयुष्यभर दाराबाहेर उभं केलं. एकदा तरी पडद्यावर एखाद्या बाईचं कानाने ओळखणं खरं ठरावं, याची गरज होती. आरसा गेला याची हळहळ मात्र आहे.

पोलान्स्कीबद्दलही बोलायलाच हवं. लहानपणी तो क्राकूवच्या ज्यूंच्या वस्तीत कोंडला गेला, त्याची आई आउशविट्झमध्ये मारली गेली, 1969 मध्ये त्याच्या गरोदर बायकोची हत्या झाली. आणि याच माणसाने 1977 मध्ये अमेरिकेत 13 वर्षांच्या मुलीशी बेकायदा लैंगिक संबंध ठेवल्याचा गुन्हा कबूल केला आणि शिक्षा सुनावण्याआधीच तो देश सोडून पळाला. कबुली मागणाऱ्या बाईचा हा चित्रपट न्यायालयाला चुकवून गेलेल्या माणसाने केलाय. हे माहीत असताना कड्यावरचा प्रसंग बघताना मला दर वेळी त्रास होतो. तुम्हालाही व्हावा.

घरातून बाहेर पडा. काळ आता भराभर सरकतो. 16 ऑक्टोबर 1998 च्या रात्री लंडनच्या एका रुग्णालयात ब्रिटिश पोलीस पिनोशेला अटक करतात, स्पॅनिश न्यायाधीश बाल्तासार गार्सोनच्या वॉरंटवर. तो मार्च 2000 मध्ये मायदेशी परततो आणि 10 डिसेंबर 2006 ला कुठल्याही खटल्यात दोषी न ठरता मरतो. पण अटकेच्या त्या रात्रीनंतर चिलीत लोक बोलू लागतात. 2003 मध्ये बिशप सेर्हिओ वालेक यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला जातो, आणि हा आयोग जिवंत माणसांसाठी आहे. नोव्हेंबर 2004 चा त्याचा अहवाल उघडा. राजकीय कारणांनी डांबलेले आणि छळलेले 27,000 हून अधिक लोक त्याने मान्य केले. साक्ष देणाऱ्या 3,399 बायकांपैकी जवळजवळ सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक हिंसेबद्दल सांगितलं, 316 जणींनी बलात्काराबद्दल. 1991 च्या संध्याकाळी काउंटरपाशी उभी असलेली बाई त्यांच्यात असू शकेल. साक्षी मात्र 50 वर्षांसाठी बंद करून ठेवल्या आहेत, म्हणजे न्यायाधीशालाही त्या उघडायला मिळू नयेत अशा बेताने. त्यावरून तिथे अजून भांडण चालू आहे आणि ते योग्यच आहे.

चित्रपट संपतो तो मैफलीच्या सभागृहात. शुबर्ट वाजतोय, पाउलिना आणि हेरार्दो खाली बसलेत, वरच्या सज्ज्यात मिरांदा आपल्या बायकामुलांसह. नजरानजर होते. कोणी उठून जात नाही. हा शेवट रचलेला वाटत असेल, तर सांतियागोतल्या एका इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरा. मिशेल बाशेलेतला जानेवारी 1975 मध्ये तिच्या आईसह व्हिला ग्रिमाल्दीत नेलं होतं. मार्च 2006 मध्ये ती चिलीची राष्ट्राध्यक्ष झाली. मधल्या काळात ती ज्या इमारतीत राहत होती, तिथेच व्हिला ग्रिमाल्दीचा एक प्रमुख अधिकारी मार्सेलो मोरेन ब्रितो राहत होता. लिफ्टमध्ये त्यांची गाठ पडल्याचं तिने नंतर सांगितलं. पुढे मोरेन ब्रितोला कोर्टांनी शिक्षा दिल्या आणि 2015 मध्ये तो कैदेत असतानाच मेला.

आणखी थोडं पुढे, नोव्हेंबर 2020. माकुलमधलं ते दुमजली घर, ज्याच्या फाटकापाशी तुम्ही उभे होतात, त्याचा निकाल लागतो. तिथे डांबलेल्या बायकांच्या खटल्यात न्यायाधीश दीनाच्या माजी लोकांना शिक्षा सुनावतात, आणि त्या बायकांवर झालेल्या लैंगिक हिंसेचा निकालपत्रात स्पष्ट उल्लेख करतात. हा निकाल उभा आहे तो वाचलेल्या बायकांच्या साक्षींवर.